ढालीवर ट्रक

१२ जानेवारी

रविवारी दुपारी कपिलचा फोटो येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. पोर्तुगालमधल्या एका छोट्या गावाच्या नगरपालिकेवर तो झेंडा चढवतो आणि लगेच मला फोटो पाठवतो. चुन्याची पांढरी इमारत, हिरवा-पिवळा झेंडा, मधोमध ढाल, ढालीच्या डोक्यावर चांदीच्या रंगाचे चार बुरूज. सहा वर्षांपूर्वी तो तिथे रासबेरी तोडायला गेला. आता तिथल्या नगरपालिकेत नोकरीला आहे, आणि एका परक्या गावाचं निशाण रोज नाही तरी दर रविवारी माझ्या मुलाच्या हाताने वर जातं.

आज फोटो बघता बघता ठरवलं. आपल्या गावाला निशाण हवं. धरणाने आमचं गाव बुडवलं आणि वर माळावर प्लॉट आखून दिले. सरकारी पाटीवर आजही आम्ही 'पुनर्वसित गावठाण'. म्हणजे आमची ओळख काय, तर आम्हाला उठवलं ही. चाळीस वर्षं मी सभांमधून सांगतोय की ज्याला निशाण नाही त्याला कुणी हिशेबात धरत नाही. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा नारायणगाव ते भीमाशंकर अख्खी गाडी माझं हे म्हणणं ऐकत जायची. आणि माझ्याच गावाला निशाण नाही!

दुसरंही एक कारण आहे. ते सभेत बोलण्यासारखं नाही, इथे लिहितो. माणूस आपल्या झेंड्याखाली परत येतो. हे वाक्य मी कुठे वाचलेलं नाही, माझंच आहे. कपिल यायला हवा.

१५ जानेवारी

कपिलला फोन केला. त्या झेंड्यांचे नियम विचारले. पोरगा खुलला, किती दिवसांनी इतका बोलला! तिकडे प्रत्येक गावाची ढाल ठरलेली आणि ढालीवर तटबंदीचा मुकुट. खेडं असेल तर तीन बुरूज, छोटं नगर असेल तर चार, शहराला पाच. कुणाच्या ढालीवर मासे, कुणाच्या द्राक्षांचा घड, कुठे खाणकामगाराचा कंदील. राजाचं तोंड नाही, पुढाऱ्याचं नाही. मी म्हटलं, "हीच लोकशाही!" आणि पुढे मी बोलत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "बाबा, इकडे तेरेझा थांबलीय, जेवायला जायचंय."

तेरेझा म्हणजे झेंडे शिवणारी बाई. नगरपालिकेचे झेंडे तिच्याकडे दुरुस्तीला जातात. तिचं नाव आधीही आलं होतं.

२६ जानेवारी

ग्रामसभा. झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात. मी विषय मांडला. सरपंच उज्ज्वलाताईंना पसंत पडला, पण चिमाजी उठला. चिमाजी म्हणजे वरच्या आळीतला जाणता, देवळाचा कारभार त्याच्याकडे.

"सोमनाथ, झेंडा न्हाई कुठं? देवळावर भगवा हाय, तुमच्या विहारावर निळा हाय. आता ह्यो तिसरा कशापायी?"

"ते देवळाचे आणि विहाराचे, चिमाजी. गावाचा कुठंय?"

मग मी मुकुटाचे बुरूज समजावून सांगितले. मागून कुणीतरी, "आपल्याला तीनच? आन् नारायणगावाला?"

"त्यांनी केला तर त्यांचं ते बघतील."

"मग आपुन आत्ताच सहा लावू राव. छापायला काय जातंय?"

सगळी सभा हसली. ग्रामसेवकांनी सांगितलं की राष्ट्रध्वजाच्या खांबावर काही चालणार नाही. वेगळा खांब आणि उंची कमी. मान्य केलं. एक मेला चढवायचा असं ठरलं. ढालीवर काय घ्यायचं ते मात्र ठरलं नाही.

२ फेब्रुवारी

रंगांवरून भांडण. कपिलने कळवलं की तिकडच्या शास्त्रात मोजकेच रंग: सोनं, चांदी, लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा. मी ग्रामपंचायतीत जाऊन वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर थोडं चवीने वाचलं.

चिमाजी: "भगवा?"

"शास्त्रात नाही."

"असलं कसलं शास्त्र? बरं, भगवा न्हाई तर मग निळा बी न्हाई."

मी चांगला अर्धा तास बोललो. आकाशाचा निळा, शाईचा निळा. चिमाजी तंबाखू मळत बसला आणि शेवटी म्हणाला, "सोमनाथ, तुझं बोलणं लई ग्वाड हाय. पर निळा न्हाई." हिरव्यावर तडजोड झाली. घरी येऊन अक्काला सांगितलं. द्रौपदाअक्का माझी थोरली बहीण. कपिलची आई गेल्यापासून इथेच असते. म्हणाली, "भातखाचरं हिरवीच व्हती की. भांडायचं काय त्यात?"

२३ फेब्रुवारी

नारायणगावला बाळासाहेबाच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. लोकांना नमुना दाखवायचा म्हणून हिरवी ढाल, वर तीन बुरूज, मधली जागा रिकामी, एवढंच सांगून आलो होतो. आज बघतो तर ढालीच्या चारही बाजूंनी गोल गोल फोटो. सरपंचबाई, आमदार, सोसायटीचे चेअरमन आणि खाली उजव्या कोपऱ्यात हात जोडलेला मी. त्याखाली 'शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ'.

"हे काय केलंस?"

"कोपरे मोकळे दिसत व्हते, भाऊ. लई वंगाळ दिसत व्हतं."

"झेंडा आहे हा, वाढदिवस नव्हे!"

"मग फोटो काढू?"

"काढ!"

"तुमचा बी?"

माझाही. फोटो चांगला आला होता, हे इथे नोंदवायला हरकत नाही. पण काढायला लावला.

९ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

कपिलचा फोन. थोडं इकडचं तिकडचं बोलला. नवीन घर घेतलंय, भाड्याचंच, पण एक खोली जास्त आहे. तिला पिवळा रंग देतोय. मी म्हटलं, एकट्या माणसाला कशाला जास्तीची खोली? त्यावर तो म्हणाला, "बाबा, मे महिन्यात मला रजा मिळतेय. महिनाभर."

मी उठून उभाच राहिलो. मे! मी काही बोललो नव्हतो, बोलावलं नव्हतं, हट्ट केला नव्हता. निशाणाने बोलावलं त्याला. मी अंगणात धावलो. "अक्का, कपिल येतोय! एक मेला तोच चढवणार!" परत आलो तर फोन खाटेवर, आणि तो "बाबा, ऐका ना, बाबा" करत होता. मी म्हटलं, "ऐकलं, सगळं ऐकलं! तू फक्त ये." मग रेंज गेली.

अक्काला म्हटलं, खोली सारवून घेऊ. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सोमा, त्याला नीट इचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात?"

२१ मार्च

ढालीवर काय, हा प्रश्न चिघळलाय. वरच्या आळीला देऊळ हवं. मी ठाम नाही म्हटलं. जुन्या गावात त्या देवळाच्या पायरीवर माझ्या बापाला बसू दिलं नव्हतं. जे सगळ्यांचं नव्हतं ते सगळ्यांच्या ढालीवर कसं? उज्ज्वलाताईंनी विहीर सुचवली. बाईंचा जन्म इकडे माळावरचा, त्यांना माहीत नाही. विहिरीवर आमचा पोहरा चालत नव्हता. आम्ही नदीच्या वाळूत डबकं उकरायचो. ताई ओशाळल्या. मला त्यांना दुखवायचं नव्हतं, पण खरं ते खरं.

सभेत मी जाहीर केलंय की कपिल एक मेला येऊन निशाण चढवेल. टाळ्या पडल्या. आता ढाल रिकामी राहून चालणार नाही.

कपिलचा आज मेसेज: अळिवाचे लाडू कसे करतात, आत्याला विचारून सांगा. तेरेझासाठी हवेत. तिचे पाय सुजतात, शिवणयंत्रावर फार वेळ बसवत नाही, कामही सोडलंय तिने. बिचारी! जन्मभर गावोगावचे झेंडे शिवून म्हातारपणी ही अवस्था. श्रमिकांची दशा सगळ्या जगात सारखीच. कपिल परक्या म्हातारीची एवढी काळजी घेतो, हे माझे संस्कार. अक्काला मेसेज वाचून दाखवला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून हसली. काय झालं विचारलं तर म्हणे, "काय न्हाई. मीच करून धाडते लाडू. गाडीवाल्या सुभाषचा भाचा जातोय न्हवं पुढल्या आठवड्यात तिकडं, त्याच्याजवळ."

"म्हातारीला डिंकाचे जास्त मानवतील," मी म्हटलं.

"त्ये बी धाडते," म्हणाली आणि परत हसली.

६ एप्रिल

धरणाचं पाणी बरंच खाली गेलंय. आज चिमाजीने बोलावलं, "चल, खालती बघून येऊ." अक्काही निघाली. तिघे उतरलो. उन्हाने तडकलेला गाळ, त्यातून वर आलेली जोती. देवळाचा चौथरा दिसत होता. पलीकडे आमची वस्ती होती तिथे अजून पाणीच. आम्ही खालच्या अंगाला होतो. बुडताना आधी आम्ही बुडालो आणि वर यायला आम्हीच शेवटी.

चिमाजी चौथऱ्यावर बसला. मला म्हणाला, "बस."

मी बसलो नाही. लगेच बसवलं नाही. अक्का मात्र जाऊन खुशाल बसली आणि चपलेतला गाळ काढू लागली.

"सोमनाथ, तू म्हनतोस त्ये कबूल हाय," चिमाजी म्हणाला. "देऊळ तुमचं नव्हतं. ईहीर बी नव्हती. मग दोघांचं व्हतं तरी काय, तूच सांग. मी रातभर इचार केला. कायबी सापडंना."

मी नदीवर बोलायला सुरुवात केली. नदी कुणाची नसते, वगैरे. अक्काने मध्येच तोडलं.

"टरक," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्याला उठवलं त्या दिसाचा टरक. लाल फाळक्याचा. चिमाजीची साळुबाई आन् मी येकाच पटकुरावर बसलो व्हतो. तिच्या कोंबड्या माझ्या पायात. कपिल तान्हा, माझ्या मांडीवर. घाटात त्यो वकला, तर साळुबाईनं तिच्या पदरानं पुसला. तवर तिनं आमच्या पोराला कवा हात लावला व्हता?"

चिमाजी खाली बघत होता. "आन् मी मागच्या फाळक्याला धरून उभा व्हतो," तो म्हणाला. "तुजा बाप माज्या शेजारी. माजा हात सुटला तर त्यानं दंड धरला. वर येईस्तवर सोडला न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी पुण्यात होतो. धरणग्रस्तांच्या मेळाव्यात माझं भाषण होतं. अजून लोक त्या भाषणाची आठवण काढतात.

मग चिमाजी म्हणाला, "ढालीवर टरक. चालंल का रं तुझ्या शास्त्रात?"

त्यानंतर मीही चौथऱ्यावर बसलो. दगड तापला होता.

७ एप्रिल

कपिलला विचारलं. तो फोनवर इतका हसला की मलाही हसू आलं. मग म्हणाला, "का नाही चालणार? इथे ढालीवर होड्या असतात. ट्रक का नको? हिरव्यावर चांदीचा. खाली निळ्या-पांढऱ्या लाटा, पाणी तसंच दाखवतात." चिमाजीला निळ्या लाटांचं सांगितलं. "पान्याचा निळा व्हय? मग चालंल," म्हणाला.

कपिल म्हणाला, झेंडा तेरेझा शिवून देईल, घरीच, जमेल तसा. मी म्हटलं, "म्हातारीला त्रास नको." तो म्हणाला, "कोण म्हातारी?" तेवढ्यात दारात उज्ज्वलाताई आल्या, म्हणून मी फोन ठेवला.

१५ एप्रिल

काल जुन्नरला जयंतीची सभा. घसा बसलाय. कपिलची खोली सारवून झाली. त्याच्या आईच्या हातची गोधडी उन्हात टाकली. अजून त्याने विमानाचं काही कळवलं नाही. रात्री झोपताना मी त्याला माळ चढून येताना बघतो. खांद्यावर बॅग, चालणं माझ्यासारखं. मग तो खांबापाशी येतो आणि दोरी हातात घेतो. पुढचं दिसत नाही, झोप लागते.

२६ एप्रिल

पार्सल आलं. अक्काने शिवण उसवली. मोठा झेंडा, काळजीने घडी घातलेला. हिरव्या कापडावर ढाल, ढालीत ट्रक. फाळका लाल धाग्याचा, चाकांना एकेक टाका वेगळा. खाली लाटा, वर तीन बुरूज, पट्टीवर गावाचं नाव देवनागरीत. ज्या बाईला आपली लिपी वाचता येत नाही तिने काना-मात्रा कुठे चुकवली नव्हती. कपिलने चित्र काढून दिलं असणार.

मी लगेच फोन लावला. "पोहोचला! आता तू कधी पोहोचतोस? मुंबईला गाडी घेऊन येतो. सुभाषला सांगून ठेवलंय. अरे, गाव कसं—"

अक्काने माझ्या हातातून फोन काढून घेतला. थोरली बहीण आहे, पण असं तिने कधी केलं नव्हतं. "आता तू गप ऱ्हा," मला म्हणाली. आणि फोनमध्ये, "बोल बाळा. त्यो ऐकतोय."

कपिल म्हणाला, "बाबा, मी येत नाहीये. तेरेझाला चार मेची तारीख दिलीय."

"कसली तारीख? कोर्टात काही आहे का?"

अक्का म्हणाली, "आरं बाळंतपनाची, येड्या! सून हाय तुझी ती."

२७ एप्रिल

काल पुढे लिहिता आलं नाही.

त्यांनी दोन वर्षांपूर्वी तिथल्या नगरपालिकेत लग्नाची नोंद केली. तेरेझा एकतीस वर्षांची आहे. अक्काने रात्री तिचा फोटो दाखवला. कपिलने अक्काला तो कधीचाच पाठवला होता. मग मला का नाही? कपिल म्हणतो, "बाबा, मी दर वेळी सांगायला फोन करायचो." आणि मग? मग काय झालं, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी आंतरजातीय लग्नांत उभं राहून भाषणं केलीत, नवऱ्या मुलींच्या बापांची तोंडं बंद केलीत. मला तिच्या जातीधर्माचं काही नाही. मला एवढंच वाटतंय की तो येत नाहीये. रजा माझ्यासाठी नव्हती.

गोधडी घडी करून ठेवली.

२९ एप्रिल

उज्ज्वलाताई विचारायला आल्या, "भाऊ, कपिलदादाची गाडी किती वाजता?" मी सांगितलं. म्हणाल्या, "अगं बाई, आजोबा होणार! पेढे कुठायत?" मला सुचलंच नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, "झेंडा तुम्हीच चढवा." मी नको म्हणालो. कारण विचारलं, तेही सांगितलं: त्या ट्रकमध्ये मी नव्हतो.

१ मे

सकाळी आधी शाळेत राष्ट्रध्वज. मग सगळे ग्रामपंचायतीपुढे आले. दोरी अक्काने आणि चिमाजीने धरली. चिमाजीची साळुबाई आता नाही, नाहीतर तीच हवी होती. झेंडा वर गेला. वारा पडला होता, म्हणून थोडा वेळ नुसता लोंबला. पोरं ओरडली, "टरक दिसंना!" मग वारा आला आणि दिसला. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले, आणि एकजण मोठ्याने म्हणाली, "कोंबड्या न्हाई काढल्या व्हय गं?"

मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "निशाण शिवणारी माझी सून तेरेझा. तिचे पाय सुजले आहेत, तरी तिने हे शिवलं." आणि खाली बसलो. चिमाजी कानात म्हणाला, "बरा हायेस न्हवं? घसा बसला का काय?"

३ मे

पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. अक्काने गल्लीत साखर वाटली.

दिवसभर एकच मनात. तिच्या जन्माची नोंद त्या गावच्या दप्तरात होणार. चार बुरूजवाल्या. आमच्या तीन बुरूजवाल्या दप्तरात नाही. मी आज कपिलला पहिल्यांदा विचारलं, त्यांच्या ढालीवर काय आहे. सहा वर्षं फोटो बघतोय, कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "कॉर्कचं झाड, बाबा. त्याची साल दर नऊ वर्षांनी काढतात, झाड तसंच राहतं." आणखी बरंच सांगत होता. मी मध्ये काही बोललो नाही.

५ मे

संध्याकाळी कपिलचा व्हिडिओ कॉल. तेरेझा उशीला टेकून बसली होती. "नमस्कार बाबा," म्हणाली. पाठ केलेलं असावं. मी "नमस्कार, नमस्कार" असं तीनदा म्हणालो. मुलगी रडत होती, थांबेना. एवढंसं तोंड, लालबुंद.

कपिल म्हणाला, "बाबा, काहीतरी बोला. तिला तुमचा आवाज ऐकवा."

हजारोंपुढे बोललोय. उभा राहिलो, घसा साफ केला. अक्का चुलीजवळून ओरडली, "आरं बसून बोल, सभा हाय व्हय!" बसलो. मग जे आठवेल ते सांगत गेलो. नदी कुठून वळायची. पावसाळ्यात वस्तीत पाणी यायचं तेव्हा तिची पणजी भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन कशी उभी राहायची. चिमाजी लहानपणी कसा झाडावरून पडला. आहुप्याच्या डोंगराच्या बाजूने धुकं कसं उतरतं. तिला त्यातलं काय कळणार! पण रडणं थांबलं. काळे डोळे फोनकडे लावून ती बघत राहिली आणि मग हळूहळू ते मिटले.

माझ्या सभेत कुणी पेंगलं की मी भाषण थांबवून त्याचं नाव घेतो. सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"झोपली," कपिल कुजबुजला. मी गप्प झालो. तो म्हणाला, "थांबू नका ना, बाबा."

मी आवाज आणखी खाली आणला आणि पुढे सांगू लागलो.